दादाची तीन बोटं

आमच्या दादाच्या डाव्या हाताला दोनच बोटं आहेत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बाकीची तीन गोल करवतीनं नेली, त्याला वीसेक वर्षं झाली असतील. कुणी नवखं गिऱ्हाईक त्या हाताकडं टक लावून बघायला लागलं की दादा हात वर करून म्हणायचा, "बघा की, फुकट हाय. चिमूट बसती, कुंकू लावाय येतंय, बिडी धरता येती. आनि काय पायजे मानसाला?"

दादा म्हणजे सर्जेराव सुतार, माझा थोरला भाऊ. गडहिंग्लजच्या बाहेर आमचं देव्हारे करायचं वर्कशॉप आहे. मी सुवर्णा, त्याची धाकटी बहीण. माझे मालक गेल्यावर ईश्वरीला कडेवर घेऊन माहेरी आले, आधी पॉलिश पेपर घासायला लागले आणि आज रंधा, करवत, ड्रिल सगळ्यावर उभी राहते. दादानं लग्न केलं नाही. भाचीलाच पोटच्या पोरीसारखं वाढवलं. माझं तोंड जरा जास्त चालतं, हे आधीच सांगून टाकते. दादा म्हणतो, "आमच्यात दोन मशिनी बिनबटनाच्या हाईत. एक सुवर्णा आनि दुसरी तिची लेक."

वर्कशॉपचे नियम मात्र दादाचे. सैल बाही नको, हातात बांगड्या नकोत, मंगळसूत्र आत. पातं बदलायचं तर आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पात्यावरचं गार्ड काढून काम करील त्याला दादा दाराबाहेर काढायचा, मग तो घरचा जावई का असेना. आणि सगळ्यात वरचा नियम म्हणजे चालू मशीनवर कुणाला हाक मारायची नाही. घर पेटलं तरी नाही. समोर जाऊन, त्याच्या नजरेत येईल असं उभं राहायचं आणि काप पुरा होईपर्यंत थांबायचं. कारण दादाची बोटं हाकेनंच नेली. दारातून कुणीतरी "ओ सर्जेराव!" म्हणून आरोळी ठोकली, दादानं मान वर केली, झालं.

पण दादाचं म्हणणं असं की बोटं गेलेलीच नाहीत.

"हाईत तितंच," तो म्हणायचा. "पात्यावर ठेवल्यागत. कवा खाजत्यात, कवा गार पडत्यात. आनि काय वंगाळ व्हायचं असलं की मुठीत यायला बघत्यात."

हे आम्ही हसण्यावारी न्यायचो, पण अगदीच हसण्यासारखं नव्हतं ते. एकदा चहा पिता पिता दादा ताडकन उठला, "रंधा बंद कर!" म्हणाला. मी रंध्याच्या मशीनचं बटण दाबलं आणि त्याचा पट्टा फाटकन तुटून भिंतीवर आपटला. माझं तोंड होतं तिथून वीतभर अंतरावरून गेला. तेव्हापासून दादाची बोटं आखडली की मी मशीन बंद करते. देवाला का म्हणून विचारत नाही, तसंच हेही विचारत नाही.

मग सरकारचा नवा नियम आला. कापायच्या प्रत्येक मशीनला कडं हवं, कड्याशिवाय मशीनला वीजच मिळणार नाही. कडं म्हणजे डाव्या हाताला कोपराच्या खाली बसवायचा काळा रबरी पट्टा. मशीनच्या कंपनीनं ते बसवायला पुण्याहून एक इंजिनियर पोरगी पाठवली. अन्वी तिचं नाव. पोरगी गुणाची, बोलायला गोड, आणि भाकरी हातावर घेऊन खायची, त्यामुळं मला आवडली.

तिनं आधी ईश्वरीच्या हाताला कडं बांधलं. समोर छोटा पडदा होता, पात्याची रेष दाखवणारा. त्यावर पांढुरक्या रेषांनी काढलेला एक हात उमटला आणि ईश्वरी बोट हलवील तसं ते चित्रातलं बोट हलायला लागलं.

"बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, काकू," अन्वी मला सांगत होती. "ते इथं असतात, कोपराखाली. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या वर असतात ना, तसं. मेंदूचा निरोप आधी इथं येतो, मग बोट हलतं. त्या मधल्या वेळात कडं तो निरोप वाचतं. बोट पात्याकडं निघायच्या आधीच करवत थांबते."

"म्हणजे मनात आलं की थांबणार?"

"तसंच समजा."

"अगं बाई, मग आमच्या मनात काय काय येतं ते तुमच्या पुण्याला कळणार की!" मी म्हटलं. पोरी हसल्या.

मग दादाची पाळी आली. कडं बांधलं, पडदा उजळला आणि आमचं हसू जागच्या जागी राहिलं. पडद्यावर पाच बोटं होती. अंगठा आणि शेजारचं बोट हलत होतं. बाकीची तीन ताठ, एकमेकांना चिकटून, बरोबर पात्याच्या रेषेवर ठेवलेली. मशीनमधून एका बाईचा आवाज आला, "बोटे पात्यावर आहेत. कृपया हात मागे घ्या."

दादानं हात मागं घेतला.

"बोटे पात्यावर आहेत. कृपया हात मागे घ्या."

दादानं हात खिशात घातला. तरी तेच. तो उठला, दाराबाहेर गेला, अंगणातल्या जांभळीखाली जाऊन पाठ करून उभा राहिला. आत मशीनपाशी आम्ही तिघी, आणि मशीनमधली बाई शांतपणे म्हणत होती, "बोटे पात्यावर आहेत." वीस वर्षं आम्ही त्याच करवतीवर फळ्या कापत होतो. म्हणजे रोज, त्या बोटांवरून.

दादा परत आला तो मात्र वेगळाच दिसत होता. पडद्याला हात लावून म्हणाला, "बघ सुवर्णे. मी म्हनत हुतो का न्हाई?"

अन्वीनं समजावून सांगितलं. बोटं गेली तरी मेंदूतली त्यांची जागा जात नाही, आणि कोपराखालच्या दोऱ्याही शाबूत असतात. पुष्कळ जणांची गेलेली बोटं शेवटच्या क्षणी जशी होती तशीच अडकून राहतात. ही गोष्ट डॉक्टरांना कधीपासून माहीत आहे. फक्त ती अशी डोळ्यांनी कुणी बघितली नव्हती.

"मग मी मशीनवर उभारायचंच न्हाई का आता?" दादानं विचारलं.

"थांबा काका." तिनं तिच्या कीबोर्डवर काहीतरी लिहिलं. "मी त्याला सांगते, ही तीन बोटं मोजू नकोस."

करवत सुरू झाली. दादानं खूश होऊन फळी लावली, आणि अर्ध्या कापाला पडद्यावरची तिन्ही बोटं एकदम मुठीत आली. "बंद!" दादा ओरडला. फळी उलटी केली तर लाकडाच्या पोटात जुना गंजका खिळा, पात्यापासून दोन बोटं अंतरावर. पात्याला लागला असता तर तुकडे गोळीसारखे उडाले असते.

अन्वीनं तो खिळा बोटानं चाचपून बघितला. मग म्हणाली, "काका, तुमचे कान, तुमचा तळहात वर्षानुवर्षं या मशीनचा आवाज आणि थरथर ओळखतात. धोका तुमच्या मनाला कळायच्या आधी तुमच्या बोटांना कळतो. आमच्या कुठल्याही यंत्राला हे जमत नाही."

पुढचं सगळं त्यातूनच झालं. कंपनीनं विचारलं, तुमच्या हाताचा साचा, म्हणजे धोक्याला तो कसा आखडतो याची नोंद, घेऊ का? दादाच्या कड्यातून तो साचा रोज ताजा होणार, आणि बाकीच्यांच्या कड्यांत जाणार. धोका आला की कडं त्यांच्या हाताला विजेचा बारीक चिमटा देऊन हात मागं ओढणार, दादानं ओढावा तसा.

मी म्हटलं, "दादा, हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"अगं, कुत्र्यानंबी खाल्ली नसतील ती बोटं, भुशात गेली," दादा म्हणाला. "आता कुनाच्या कामाला यायला लागली तर तुझं काय जातंय?"

त्यानं सही केली. त्या दिवसाइतका ऐटीत मी त्याला कधी बघितला नाही.

आणि काम चांगलंच झालं, खोटं कशाला बोलू. आमच्या ईश्वरीला दोनदा वाचवलं. पहिल्यांदा फळी मागं उसळली, तर त्याच्या आधीच तिचा हात झटक्यानं मागं आला. "आई, मामानं मनगट धरलं बघ!" ती म्हणाली. मामा तेव्हा बाजारात होता. मी कडं घालून उभी राहायची तेव्हा मलाही तो झटका बसायचा, आणि तो अगदी लहानपणी चुलीत हात घालायला गेले की दादा द्यायचा तसा होता. नेसरी, निपाणी, कराड, कुठून कुठून फोन यायचे. "सर्जेराव, काल तुम्ही माझा हात राखलात." दादा फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवायचा.

करवतीचं गार्ड याच दिवसांत कुणीतरी काढून भिंतीला टांगलं. "कडं असल्यावर गार्ड कशाला? काप नीट दिसत नाही," ईश्वरी म्हणाली. जावयाला बाहेर काढणाऱ्या दादानंही ते तिथंच राहू दिलं. त्याची बोटं होती ना राखायला.

पहिली खूण मला नेलपॉलिशनं दाखवली. मैत्रिणीच्या हळदीला जायचं म्हणून ईश्वरी उंबऱ्यात बसून नखं रंगवत होती. उजव्या हाताची पाच झाली. डाव्या हाताचा अंगठा झाला, शेजारचं बोट झालं, आणि तिनं बाटलीचं झाकण लावलं. हात वाळवत फुंकर मारायला लागली.

"आणि ही तीन कुणासाठी ठेवलीस?" मी विचारलं.

"कुठली तीन?"

मला वाटलं थट्टा करते. तिचा हात धरून दाखवला. तिनं बघितलं, "अय्या, राहिलीच की," म्हणाली, पण त्या बोटांकडं तिनं असं बघितलं, जणू ती माझी आहेत आणि मी तिच्या मांडीवर ठेवलीत. करंगळी चिमटीत धरून मी जोरात दाबली. ती माझ्याकडं बघून हसत होती.

"दुखतंय का?"

"काय?"

त्याच आठवड्यात सागवान आणायला मी नेसरीला गेले. तिथल्या वर्कशॉपमध्ये चहाची वेळ झाली होती. चौघं कारागीर ओळीनं बसले होते आणि चौघांनीही डाव्या हातात पेला धरला होता, अंगठा आणि शेजारचं बोट, बाकीची तीन आत दुमडलेली. आमचा दादा धरतो तसा. चौघं धडधाकट, पाची बोटांचे. मी चहा न घेताच निघाले.

घरी येऊन दादाला सांगितलं तर त्यानं उडवून लावलं. "कामाचा शीण असंल. पोरं हाईत, मुंग्या आल्या असतील हाताला." पण त्या रात्री तो जेवला नाही, हे मी बघितलं. मी अन्वीला फोन लावला. ती म्हणाली, येते परवा. परवापर्यंत काही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोरलेल्या कमानी घेऊन आत आले. ईश्वरी करवतीवर होती, पाठ माझ्याकडं. मी नियमाप्रमाणं वळसा घालून समोर जायला निघाले आणि मला तिचा डावा हात दिसला. अंगठा आणि शेजारचं बोट फळीवर घट्ट. बाकीची तीन सैल, फळीच्या काठावरून लोंबलेली, कुणाची तरी राहिलेली वस्तू असावी तशी, आणि फळीबरोबर पात्याकडं निघालेली.

गार्ड भिंतीला होतं. कड्यानं तिचा हात ओढला नाही. करवत थांबली नाही. ती बाईसुद्धा काही बोलली नाही.

माझ्या घशात हाक आली होती. "ईश्वरी" एवढंच ओरडायचं होतं, आई आहे मी तिची. पण ओरडले असते तर तिनं मान वर केली असती, आणि मान वर केली की काय होतं ते मी वीस वर्षांपूर्वी याच जागेवर बघितलंय. तोंडावर हात दाबून धरला, कमानी टाकल्या आणि भिंतीकडं धावले. मेन खाली ओढला. पातं लगेच थांबत नाही हो, बटण बंद झालं तरी गरगरत राहतं. तो आवाज खाली खाली येत गेला तेवढ्यात माझा जन्म गेला.

"आई, लाइट गेली का?" ईश्वरीनं मागं वळून विचारलं.

तिच्या करंगळीचं अर्धं नख उडालं होतं. फळीवर रक्ताचे थेंब पडत होते आणि ती ते बघत विचारत होती, "हे कुणाचं?"

दादा दारात उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. तो आला, तिचं कडं सोडलं, तिची करंगळी आपल्या दोन बोटांत धरून त्यावर हळद दाबली. "माझं," तो म्हणाला. "हे माझं हाय, ईशे."

अन्वी आली ती कामाच्या आकड्यांची फाईल न उघडताच बसली. तिचा चेहरा उतरला होता. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "काकांचं मशीन सुरू व्हावं म्हणून मी त्याला सांगितलं होतं, ही तीन बोटं मोजू नकोस. ती सूचना साच्यात राहिली. काकांच्या हाताबरोबर ती सगळ्यांच्या कड्यांत गेली. म्हणून यंत्र त्या तीन बोटांसाठी थांबत नाही. आणि कड्याचा चिमटा रोज बसून बसून माणसांचा मेंदूही तेच शिकला. हात म्हणजे दोन बोटं. बाकीची मोजायची नाहीत."

"मग काढून टाका ती कडी!" मी ओरडले. "आग लावा!"

"काढू काकू. साचाही बंद करू, काकांनी संमती मागं घेतली की कंपनीला करावाच लागेल. पण शिकलेला मेंदू आपोआप विसरेलच असं नाही. तिची बोटं अशीच राहतील कदाचित. ज्या हातानं शिकवलं, त्याच हातानं उलटं शिकवलं तर मात्र जमेल. काकांची बोटं वीस वर्षं पात्यावर अडकलीत. ती उघडली, हलली, तर कड्यांतून सगळ्यांना तेच जाईल."

"न्हाईत ती बोटं कशी हलवायची?" दादानं विचारलं.

"आरशानं. उजवा हात आरशासमोर ठेवायचा, डावा आरशाच्या मागं. आरशात उजवा हात डाव्यासारखा दिसतो, पाची बोटांचा. तो उघडायचा, मिटायचा. डोळ्यांवर विश्वास ठेवून मेंदू अडकलेली बोटं सोडतो. दवाखान्यात हे करतात, दुखणं जावं म्हणून. पण काका..." तिनं माझ्याकडं बघितलं. "बोटं सुटली की बहुतेकदा ती जातात. कायमची. मग खाज नाही, गारवा नाही, आखडणंही नाही."

मला दादाच्या मनातलं कळत होतं. जगानं त्याला दोनबोट्या म्हटलं, पण त्याच्या स्वतःच्या हिशेबी तो कधीच दोनबोट्या नव्हता. त्याची तीन बोटं होती, राखणदारीला बसलेली. आणि एकीकडं माझी लेक होती.

"देव्हाऱ्याच्या पाठीला लावायचा आरसा हाय न्हवं मोठा?" तो म्हणाला. "आन की सुवर्णे. बघत काय बसलीस?"

आरसा चौकटीवर उभा केला. दादानं उजवा हात पुढं ठेवला, आरशात बघितलं. "आयला," एवढंच म्हणाला. वीस वर्षांनी त्याला त्याचा डावा हात पुरा दिसत होता. समोर ईश्वरी बसली होती, कडं बांधून. सगळ्या गावांतल्या वर्कशॉपांनाही निरोप गेला होता, मशीन बंद ठेवून, कडं बांधून बसा.

पहिले काही दिवस काही झालं नाही. पडद्यावरची तीन बोटं पात्यावर ताठच्या ताठ. मग एका दुपारी करंगळी थरथरली. उचलली गेली. पात्यावरून बाजूला झाली. समोर ईश्वरीची करंगळी, नखाला पट्टी बांधलेली, टेबलावर अलगद उचलली गेली आणि पोरगी किंचाळली, "आई गं! दुखतंय!"

नख तुटून किती दिवस झाले होते, ते आज दुखलं. मी तिला मिठी मारून रडले. फोन वाजला, नेसरीचा. "सर्जेराव, करंगळी आली हो!"

दादा आपला तळहात चोळत होता. "माझी गेली," तो म्हणाला. "तितं आता नुसती हवा लागती."

दुसरं बोट पुढच्या आठवड्यात गेलं. मधलं राहिलं, ते काही केल्या हलेना. खरं म्हणजे दादा ते हलवत नव्हता, आणि ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. शेवटी आरशातून नजर न काढता तो हळू आवाजात म्हणाला, "एक ऱ्हाऊ दे का? एकच?"

ईश्वरी पटकन म्हणाली, "ठेव मामा. मला चार बास झाली."

"गप गं," दादा खेकसला. "देव्हारा कोरायचाय तुला का बिडी धरायचीय?" आणि त्यानं आरशातलं बोट उघडलं.

बोटं तुटली तेव्हा दादा रडला नव्हता. रिक्षात बसून, हाताला टॉवेल गुंडाळून, मलाच धीर देत दवाखान्यात गेला होता. त्या दिवशी तो आरशावर डोकं टेकून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. ईश्वरी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, पाची बोटांनी.

कंपनीनं साचा काढला. कडी पहिल्यासारखी साधी झाली, बोट पात्याकडं निघालं की करवत थांबते, तेवढंच. गार्ड भिंतीवरून उतरवून मी स्वतः बसवलं आणि स्क्रू आवळताना कुणाकुणाला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फळी ढकलायची काठीही मशीनला दोरीनं बांधली. दादा मात्र मशीनवर उभा राहीना. "बहिऱ्यागत झालंय मला," म्हणायचा. "करवत काय म्हनती त्येच कळंना." अंगणात जांभळीखाली बसून तो देव्हाऱ्यांना पॉलिश करायला लागला.

महिन्या-दोन महिन्यांनी अन्वी शेवटची तपासणी करायला आली. ईश्वरी करवतीवर उभी होती. मी आणि अन्वी लांब भिंतीपाशी पडदा घेऊन बसलो. पांढुरका हात उमटला. पाच बोटं, पाची हलती. मी देवाला हात जोडले.

मग अन्वीनं माझा दंड धरला.

ईश्वरीच्या शेवटच्या तीन बोटांवर आणखी तीन रेषा होत्या. फिक्या, जाडसर, कामगाराच्या बोटांसारख्या. तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवावं, तशी. मी मोजली. परत मोजली. आठ.

"साचा तर काढलाय," अन्वी पुटपुटली. "ही कड्यातून येत नाहीत काकू. हिच्या स्वतःच्या हातातून येतायत. कशी, ते मला सांगता येत नाही. हिचं मामाकडून आलेलं शिक्षण पुसायला अजून आरसा वापरता येईल. पुसायचं का?"

"पूस," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता पूस!"

तेवढ्यात पडद्यावरची ती तीन फिकी बोटं मुठीत आली. करवतीच्या आवाजात काही फरक नव्हता, मला तरी कळला नाही. ईश्वरीनं गुडघ्यानं लाल बटण दाबलं. पातं थांबल्यावर तिनं फळी उचलली, उलटी केली, नखानं टोकरलं. लाकडाच्या आत, कुणी न बघितलेल्या जागी, तारेचा तुकडा होता.

"आई, काहीतरी वाटलं बघ," ती म्हणाली.

पुसायचं का, म्हणून अन्वीनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडून, या एवढ्या चालणाऱ्या तोंडून, काही निघेना. शेवटी मी मान हलवली. नको. राहू दे.

बाहेर दादा पॉलिशचा बोळा फिरवत होता. "झाली का तपासनी?" त्यानं विचारलं. "पोरीची किती दिसत्यात?"

"पाच," मी म्हटलं.

"पाचच न्हवं?"

"पाचच."

"बरं झालं." त्यानं डावा हात उन्हात धरला, उलटसुलट करून बघितला. "माझी एकदाबी खाजली न्हाईत बघ. गेली बिचारी."

मी त्याला खरं सांगितलं नाही. ती बोटं माझ्या लेकीला राखतायत का स्वतःला जागा शोधतायत, हे मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत असेल त्यानं मला येऊन सांगावं, मी पाय धरीन त्याचे. तोवर एक करते. दर रविवारी ईश्वरीला उंबऱ्यात बसवते आणि तिची नखं मी स्वतः रंगवते. ती कटकट करते, मी लहान आहे का म्हणते. मी ऐकत नाही. एकेक बोट हातात धरून जरा दाबते, "दुखतंय?" विचारते, "हो गं आई!" म्हणाली की मगच पुढचं घेते. उजव्या हाताची पाच आणि डाव्या हाताची पाच, मोठ्यानं मोजून.